माळीण: नावं आहेत, गोष्ट कुठे आहे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोलणं लिहून काढलंय. अडखळणं, खोकणं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे स्मारकं. पुतळे आणि चौक नाही म्हणत मी. एखाद्या दुर्घटनेत साधी माणसं जातात, त्यांच्यासाठी मागाहून काही उभं राहतं, त्याबद्दल बोलायचंय. आपल्याकडे हे फार कमी वेळा होतं. नगर शहरातलंच बघा. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे ११ रुग्ण गेले. चौकशी, बातम्या, आरोप हे सगळं झालं. आज तुम्ही नगरच्या कॉलेजातल्या एखाद्या पोराला विचारा की त्या दिवशी काय झालं होतं, किती जणांना सांगता येईल? चारच वर्षं झाली तेव्हा. म्हणजे आठवण आपोआप टिकत नाही, तिला कुठंतरी जागा लागते. आता ती जागा कशी असावी आणि तिथं नेमकं काय लिहावं, इथं माझं डोकं गेले काही महिने अडकलंय.

सुरुवात भुजपासून करतो. मागच्या डिसेंबरात आम्ही ऑफिसमधले पाच जण कच्छला गेलो होतो. जायचं होतं रण बघायला, चांदणं, फोटो वगैरे. एक दिवस मोकळा होता म्हणून भुजमधलं स्मृतिवन बघितलं. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याचं हे स्मारक आणि संग्रहालय. भुजिया डोंगरावर आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं. डोंगरउतारावर पाणी अडवायचे छोटे छोटे बंधारे बांधलेत आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्या माणसांची नावं लावलीत. १२,९३२ नावं. मी आकडा आधी वाचला होता, पण चालत चालत वर जाताना एक भिंत संपते, वाटतं झालं, आणि वळणावर पुढची भिंत सुरू होते. आमच्यातला एकजण, जो एरवी गप्प बसत नाही, तो तिसऱ्या भिंतीनंतर काही बोललाच नाही.

आत संग्रहालय आहे. भूकंप का होतो, कच्छची जमीन कशी बनली, घरं कशी पडली, लोकांनी पुन्हा कशी बांधली, सगळं आहे. एका दालनात जमीन खरोखर हलवून दाखवतात, पडद्यावर दृश्य आणि पायाखाली हादरे. तिथल्या रांगेत एक साधारण पन्नाशीचे गृहस्थ होते, बायको-मुलांना घेऊन आलेले, बोलण्यावरून तिथलेच. दार उघडल्यावर ते मुलांना म्हणाले, तुम्ही जा, मी बाहेर थांबतो. मुलं आत गेली, हसत हसत. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटल्या. ज्याला माहीत आहे त्यानं बाहेर थांबावं आणि ज्याला माहीत नाही त्यानं आत जावं. संग्रहालय दुसऱ्यासाठीच असतं ना.

भपका आहे तिथं, नाकारत नाही. पैसा भरपूर लागलाय आणि तो दिसतो. पण एक काम त्या जागेनं नीट केलंय: माणसं गेली हे सांगून ती थांबत नाही, का गेली हेही सांगते.

परत आल्यावर डोक्यात आलं की आपल्या जवळची अशी जागा कोणती? उत्तर लगेच आलं. माळीण.

ऐकणाऱ्यांत काही जण लहान असाल तेव्हा, म्हणून थोडक्यात सांगतो. माळीण हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं गाव. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत. वस्ती महादेव कोळी समाजाची, भातशेती. ३० जुलै २०१४, बुधवार. सकाळची वेळ, धो धो पाऊस. गावाच्या मागचा डोंगर सुटला आणि चिखल, दगड, झाडं असं सगळं घेऊन गावावर आला. चाळीसच्या वर घरं गाडली गेली. १५१ माणसं गेली. सकाळ होती, पाऊस होता, म्हणून माणसं घरात होती. चुलीपाशी, गोठ्यात. शाळेची इमारत वाचली, पण शाळा भरायची वेळ झाली नव्हती.

आणि ही बातमी बाहेर कशी आली? एसटीनं. सकाळची एसटी नेहमीप्रमाणे आली आणि ड्रायव्हरला समोर गावच दिसेना. चिखल. त्यानं गाडी वळवून मागे जाऊन खबर दिली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तर चार जणांचे फोन वाजतात, रात्री तीन वाजतासुद्धा. आणि सह्याद्रीत एक अख्खं गाव बंद पडलं, तर त्याची अलर्ट सिस्टीम म्हणजे महामंडळाची लाल गाडी. त्या दिवशी गाडी उशिरा असती, रद्द झाली असती तर? पावसाळ्यात होतेच रद्द. मी या एका गोष्टीवर बराच वेळ विचार केलाय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

मग एनडीआरएफचे जवान आले, तळेगावजवळचं त्यांचं केंद्र तसं जवळ. आठवडाभर काम चाललं, वरून पाऊस चालूच. एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघालं, बाळाच्या रडण्यामुळे पत्ता लागला. ही एक गोष्ट तेव्हा सगळ्या टीव्हीवर होती. बाकी बहुतेक ठिकाणी बाहेर निघाले ते मृतदेहच.

तर मी गेलो. फेब्रुवारीत, एका शनिवारी, मोटारसायकलवर. संगमनेरहून नाशिक-पुणे हायवेनं नारायणगाव, मंचर, मग आत घोडेगाव, डिंभे. डिंभ्यापासून रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात, बाबू गेनू याच तालुक्यातले. फेब्रुवारीत पाणी निळंशार असतं, डोंगर पिवळे पडलेले. इतका सुंदर रस्ता आहे की आपण कुठं चाललोय हे विसरायला होतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. गेलेल्यांची नावं कोरलेली. आवारात झाडं लावलेली आहेत. दर वर्षी ३० जुलैला नातेवाईक येतात, फुलं वाहतात, अधिकारी-पुढारी येतात. मी गेलो तेव्हा कुणीच नव्हतं, फक्त वारा आणि लांब कुठंतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटा. मी नावं वाचली, सगळी. भुजमध्ये वाचता आली नव्हती, इथं येतात, कारण १५१ हा आकडा माणसाच्या आवाक्यातला आहे. आणि वाचता येतात म्हणूनच जास्त लागतात. एकाच आडनावाची नावं ओळीनं येतात आणि मग आपण नकळत जुळवायला लागतो, हे नवरा-बायको असतील, हा मुलगा, ही सून, हे सगळं एक घर. रेशन कार्ड वाचल्यासारखं.

मागे डोंगर आहे. सुटलेला भाग ओळखू येतो, पण तुम्हाला माहीत असेल तरच. गवत उगवलंय. एखादा नवखा माणूस तिथं उभा राहिला, नावं वाचली आणि त्यानं मागे बघितलं, तर त्याला एक नेहमीचा डोंगर दिसेल. आपल्याकडे जसे शंभर आहेत तसा.

तिथं मला वाटलं की इथं नावं आहेत, तारीख आहे, पण गोष्ट नाही. काय झालं, आधी काय दिसत होतं, कुणी काय बघितलं, नंतर काय केलं, हे सगळं कुठं आहे? वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत, सरकारी अहवालांत आणि लोकांच्या डोक्यात. जागेवर नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. मोठा घोटाळा झाला, सिस्टीम कोसळली की नंतर एक कागद लिहितात, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. शब्द वाईट आहे, पण पद्धत चांगली. किती वाजता काय झालं, आधी कोणत्या खुणा होत्या, त्या कुणाला दिसल्या, दिसूनही काही का झालं नाही, आता काय बदलायचं. आणि त्यात एक नियम असतो की माणसाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही. दोष द्यायला लागलं की लोक खरं सांगत नाहीत, आणि खरं कळलं नाही की तेच पुन्हा घडतं. आता सर्व्हर आणि माणसं यांची तुलना होत नाही, मला कळतं. पण आम्ही एका ॲपसाठी जेवढं लिहितो तेवढंही १५१ माणसांसाठी जागेवर लिहिलेलं नसावं, हे मला पटत नव्हतं. हेच सगळं मी मनात जुळवत खाली उतरलो.

रस्त्यावर एका टपरीपाशी चहाला थांबलो. तिथं एक बाबा बसले होते, सत्तरीचे असतील. कुठले पाव्हणं, म्हणाले. मी म्हटलं, अकोल्याचा. नगर जिल्ह्यातलं अकोलं, राजूर, भंडारदरा. ते म्हणाले, मग डोंगरातलेच की. आमच्या सोयरिकी आहेत तिकडं. मग बोलणं सुरू झालं. मी जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते त्यांना सांगितलं, की बाबा, इथं एक छोटं संग्रहालय पाहिजे, का झालं ते लिहिलेलं पाहिजे. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "का झालं ते लिहायचं तर मग लिहिणार काय? आमीच डोंगर कोरला म्हणून?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

दुर्घटनेनंतर कारणांची मोठी चर्चा झाली होती. त्यात एक मुद्दा सतत येत होता, पडकईचा. पडकई म्हणजे उताराची जमीन फोडून, दगडाचे बांध घालून, पायऱ्या करून भाताची खाचरं तयार करणं. आदिवासी भागातली जुनी रीत आहे, लोक एकमेकांच्या शेतावर मिळून करायचे. पुढे सरकारी योजनेत ती आली आणि काही ठिकाणी हातांच्या जागी यंत्रं आली. माळीणनंतर काहींनी म्हटलं, वरच्या उतारावर यंत्रानं सपाटीकरण केलं, म्हणून डोंगर सुटला. काहींनी म्हटलं, झाडं तोडली. काहींनी धरणाकडे बोट दाखवलं. काहींनी म्हटलं, पाऊसच एवढा होता की काही नसतं केलं तरी सुटला असता. तज्ज्ञांतही याबद्दल एकमत नव्हतं. पण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात काय राहिलं? की लोकांनीच डोंगर पोखरला. म्हणजे ज्यांची घरं गाडली गेली, त्यांनाच वर दोष.

म्हणून मला वाटतं, स्तंभावर फक्त नावं आहेत ती एका अर्थी माया आहे. कुणी कुणाला काही म्हणत नाही. नाव, बस्स.

पण तिथंच थांबलं तर काय होतं, तेही बघा. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळिये, दरड कोसळून ८० पेक्षा जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ठाकर समाजाची वाडी, इर्शाळगडाच्या पायथ्याशी. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण सापडलेच नाहीत, चौथ्या दिवशी शोध थांबवला. प्रत्येक वेळी तीच वाक्यं. आकाश फाटलं, निसर्गाचा कोप, असं इथं कधी झालं नव्हतं. अहो, नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात झालं होतं की!

आणि इर्शाळवाडीबद्दल सरकारनं तेव्हा सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे ऐकून लोक चिडले, मीही. पण इथं थोडं तांत्रिक बोलतो, कारण हे महत्त्वाचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, २०१४ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे करतंय. प्रमाण आहे एकास पन्नास हजार. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आता तीस-चाळीस घरांची वाडी किती लांब असते? दीडशे, दोनशे मीटर. नकाशावर ती तीन-चार मिलिमीटरची. मसुराच्या डाळीएवढी. एवढ्या मोठ्या देशासाठी असा नकाशा लागतोच, त्याला नावं ठेवत नाही मी. पण तुमच्या घरामागच्या उताराला फट पडली आहे का, हे त्या नकाशात दिसू शकत नाही. ते फक्त तिथं राहणाऱ्या माणसाला दिसतं.

पावसाच्या इशाऱ्याचंही तसंच. आपला जिल्हा केवढा मोठा. पाथर्डी-जामखेडकडे लोक टँकरची वाट बघतात आणि त्याच जिल्ह्यात घाटघर, रतनवाडी, जिथं पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचं दिसत नाही. जिल्ह्याच्या नकाशावर इशारा येतो तो एकाच रंगात. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. नगर शहरात एवढा पडला तर सीना नदी घरात येईल. घाटघरला जुलैत एवढा पडला तर बायका भात लावायला जातात. मग तिथल्या माणसानं कोणत्या आकड्याला घाबरायचं? ते त्याच्याच वाडीच्या नोंदींवरून ठरणार, दुसरीकडून नाही.

डोंगर का सुटतो हे तसं फार अवघड नाही समजायला. आपला सह्याद्री म्हणजे काळ्या कातळाचे थरावर थर. कातळ पक्का, पण वर त्याचाच झिजून झालेला मुरूम आणि माती. उन्हाळ्यात ती कोरडी असते, दाणे एकमेकांना धरून बसलेले. पाऊस लागला की पाणी मुरतं, खालच्या कातळापाशी अडतं, तिथं साठतं. साठलं की त्या पाण्याचा दाब वरच्या मातीला आतून उचलायला लागतो. दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते. शेवटी एक क्षण येतो की माती माती राहत नाही, पातळ पिठल्यासारखी वाहते. म्हणून फक्त एका दिवसाच्या पावसाचा प्रश्न नसतो, आधीचे किती दिवस लागून पडला, हाही असतो.

आणि खुणा असतात, बऱ्याच वेळा. वरच्या उतारावर जमिनीला आडवी फट. सरळ झाडं किंवा विजेचे खांब कलणं. नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकदम गढूळ येणं, किंवा जिथं झरा नव्हता तिथं फुटणं, किंवा भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी होणं. घराची दारं घट्ट बसणं, भिंतीला तिरक्या चिरा. हे ज्याला माहीत आहे तो रात्री मुलांना उचलून शाळेत जाऊन झोपेल. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, दार फुगलंय पावसानं.

माझ्या डोक्यातलं माळीणचं संग्रहालय एवढंच आहे. दोन खोल्या. एका खोलीत डोंगराचा काप, थर दाखवणारा, वरून पाणी ओतून मुलांना बघता येईल असा. कडेला या खुणा, चित्रांनी. एसटीची ती पाटी. दुसऱ्या खोलीत माणसांचे आवाज. आणि पडकईची गोष्टसुद्धा, पण ती तिथल्या माणसांनी सांगितलेली: आजोबांच्या काळात कशी करायचे, दगड कुठला, पाणी कुठून काढायचे, यंत्र आलं तेव्हा काय बदललं, योजना कुणी आखली. अशी सांगितली की तो आरोप राहणार नाही, ती माहिती होईल.

हे स्वप्नरंजन वाटेल, म्हणून भोपाळचं उदाहरण देतो. १९८४ च्या वायुकांडानंतर ३० वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये तिथं 'रिमेंबर भोपाळ' नावाचं संग्रहालय उभं राहिलं. ते पीडितांच्या संघटनांनी उभं केलं, सरकारचे किंवा कंपन्यांचे पैसे न घेता. वस्तू लोकांच्या घरातल्या, आणि फोनचा रिसीव्हर कानाला लावला की वाचलेल्या माणसाचा आवाज. कारण काय, हे तिथं ज्यांनी भोगलं त्यांनीच सांगितलं. बांधायला किती खर्च आला यापेक्षा लिहिणारा हात कुणाचा, हे जास्त मोजायला पाहिजे. टपरीवरच्या बाबांचा प्रश्न त्याच हाताबद्दल होता.

किल्लारीचंही एक सांगायला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली, आणि बरीचशी गेली ती जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आल्यामुळे. पण हे कारण त्या भागात पोराटोरांना माहीत झालं. माणसं कित्येक वर्षं दगडी घरात झोपायला घाबरत होती. कारण घराघरात पोचलं, कारण ते घराचंच होतं. डोंगराचं तसं होत नाही. डोंगर कुणाच्याच मालकीचा वाटत नाही, म्हणून त्याची गोष्टही कुणी सांभाळत नाही.

नवीन माळीण आमडे गावाच्या हद्दीत वसवलंय. २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं दिली गेली, पक्की, रांगेत. आणि लगेच जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिला, भेगा पडल्या. लोक घाबरून गेले, साहजिक आहे. नंतर दुरुस्त्या झाल्या. मी गेलो तेव्हा अंगणात कपडे वाळत होते, पोरं क्रिकेट खेळत होती, एकानं मला बॉल आणून द्यायला लावला. हेही त्या दुसऱ्या खोलीत पाहिजे, जून २०१७ आणि क्रिकेट, दोन्ही.

आता मी हे का उकरतोय, ते सांगतो. माझ्या आईचं माहेर भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. वाडीचं नाव घेत नाही. पंचवीसेक घरं, मागे उतार, वर खाचरं, त्याच्या वर कारवी आणि मग कडा. माळीणहून परत येताना मी सरळ तिकडंच गेलो. मामाला फोनमधले फोटो दाखवले. मामानं एक फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ. मग म्हणाला, "हे तर आपल्यासारखंच दिसतंय रे."

मी म्हटलं, मामा, तुम्ही लोक खाली का नाही सरकत? तो म्हणाला, "डोंगर काय आज आलाय का इथं? आणि खाली जाऊन खायचं काय? खाचर डोक्यावर घेऊन जाऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पुण्यात बसून 'स्थलांतर करा' म्हणणं सोपं आहे. जमीन कुणी देत नाही. पण मामी मध्येच म्हणाली की मागच्या श्रावणात वरच्या खाचरापाशी फट दिसली होती, यांनीच माती टाकून बुजवली. मामा म्हणाला, अगं ती खेकड्यांची असंल. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. फट होती. बुजवलेली, पण शेजारी तिचाच पुढचा भाग, आडवा, वीस-पंचवीस पावलं लांब. खेकड्यांची नक्कीच नव्हती.

गावानं अर्ज लिहिला, फोटो जोडले, जागेचे अक्षांश-रेखांश मी टाकून दिले. अर्ज तलाठ्याकडे आणि तहसीलला दिलाय, पोच घेतलीय. पाहणीला कुणी येईपर्यंत नुसतं बसायचं नाही, एवढं ठरलं. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींशी बोललो. दोनशे मिलिमीटरचं साधं पर्जन्यमापक आणून मैदानात लावलंय, दर सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, हवामान खातंही त्याच वेळेला घेतं. चौथीच्या मुली घेतात. भिंतीवर एक मोठा कागद लावलाय. तारीख, पाऊस, ओढ्याचं पाणी स्वच्छ की गढूळ, असे रकाने. कोपऱ्यात गुरुजींनी माळीणची गोष्ट लिहिलीय, दहा ओळींत, आणि एसटीचं चित्र एका पोरानं काढलंय. लाल रंग संपला म्हणून अर्धी गाडी गुलाबी आहे.

एक रकाना मामानं वाढवायला सांगितला, फटीचा. तो आणि गुरुजी वर जाऊन फटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोकून आले. दोन गजांमधलं अंतर टेपनं मोजून कागदावर लिहिलंय: ६२ सेंटिमीटर. पुढचं माप मृगाच्या आधी आणि मग पावसाळ्यात दर रविवारी, पाऊस जास्त असला तर रोज. मामा स्वतः जाणार आहे म्हणाला. रात्री झोपायला शाळा उघडी ठेवायची, किल्ली कुणाकडे, तेही ठरलंय. किल्ली मामीकडे आहे.

तुमच्या ओळखीत कुणी माळीण भागातले असतील आणि त्यांना बोलायचं असेल, तर मला कळवा. मी रेकॉर्डर घेऊन येतो, जे सांगाल ते तसंच ठेवू. चला, भेटू पुढच्या भागात.